अमेरिकेतल्या शाळा आणि वर्णभेद : कायदा कुठवर पोचतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन शाळांमधल्या वर्णभेदाविषयी तेच तेच प्रश्न फिरून येत असतात. कधी कायद्याचे विद्यार्थी विचारतात, कधी इथले शिक्षक, तर कधी न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्समध्ये मुलांना शाळेत घातलेली आपली मंडळी. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. फार घाई असेल तर थेट प्रश्न १० वाचा, कारण बाकीचे बरेच धागे तिथेच येऊन अडतात. हा कायद्याचा परिचय आहे, वकिलाचा सल्ला समजू नये.

१. ब्राऊन खटला, ब्राऊन खटला म्हणतात तो नेमका काय? दोन ओळींत सांगा.

सरकारी शाळांमध्ये वंशावरून मुलांना वेगळं बसवणारे कायदे घटनाबाह्य आहेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमताचे होते. इथे दोन ओळी संपल्या, पण थोडं आणखी सांगायला हवं. 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या नावाखाली कॅन्सस, साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि डेलावेअर अशा चार राज्यांतले खटले एकत्र ऐकले गेले. वॉशिंग्टन डीसीचा निकाल त्याच दिवशी, पण वेगळा लिहावा लागला. समान संरक्षणाची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते आणि डीसी हे राज्य नाही.

२. त्याआधी वेगळ्या शाळा कायदेशीर कशा काय होत्या?

१८९६ च्या 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' निकालामुळे. तो खटला शाळेचा नव्हताच, लुइझियानातल्या रेल्वेच्या डब्यांचा होता. सोयी सारख्या असतील तर वेगळं ठेवायला हरकत नाही, असं न्यायालय म्हणालं, आणि पुढची अठ्ठावन्न वर्षं त्यातलं 'वेगळं' तेवढं पाळलं गेलं. 'सारखं' कोणी मोजायला जात नव्हतं. साउथ कॅरोलायनाच्या क्लॅरेंडन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) गोऱ्या मुलांना शाळेच्या बस होत्या, कृष्णवर्णीय मुलं मैलोनमैल चालत जायची. तिथल्या पालकांची सुरुवातीची मागणी एक बस मिळावी एवढीच होती. ती नाकारली गेली आणि प्रकरण वाढत वाढत ब्राऊनपर्यंत आलं.

३. वेगळ्या शाळा फक्त कृष्णवर्णीय मुलांनाच होत्या का? आशियाई मुलांचं काय?

नाही, आशियाई मुलंही त्यात होती. १८८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चिनी मुलीला शाळेत घ्यावं असं कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने सांगितलं, तर राज्याने लगेच चिनी मुलांसाठी वेगळ्या शाळांचा कायदा करून टाकला. १९२७ च्या 'गाँग लम' खटल्यात मिसिसिपीतल्या एका चिनी मुलीला गोऱ्यांच्या शाळेत जागा नाकारण्याचा राज्याचा हक्क खुद्द सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला.

मेक्सिकन मुलांची बाजू कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतल्या 'मेंडेझ' खटल्यात लागली. १९४७ मध्ये अपील न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने कायम केला आणि त्याच वर्षी राज्याने वेगळ्या शाळांची कलमं रद्द केली. त्या वेळी गव्हर्नर होते अर्ल वॉरन. सात वर्षांनी सरन्यायाधीश म्हणून ब्राऊनचा निकाल त्यांनीच लिहिला.

४. निकाल १९५४ चा, मग १९५७ ला लिटल रॉकमध्ये सैन्य का पाठवावं लागलं?

कारण १९५४ च्या निकालात 'कधी' आणि 'कसं' हे नव्हतं. ते १९५५ च्या दुसऱ्या निकालात आलं आणि तिथे न्यायालयाने तारीख घालून दिली नाही, 'विचारपूर्वक शक्य तितक्या त्वरेने' अशा अर्थाचे शब्द वापरले. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातला 'विचारपूर्वक' हा शब्द घट्ट धरला. माझ्या मते ब्राऊनची सगळ्यात महाग पडलेली तडजोड हीच.

आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला होता. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैनिक, उभे करून त्यांना दारातच अडवलं. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले. पुढच्या वर्षी 'कूपर विरुद्ध आरन' निकालात न्यायालयाने राज्यांना बजावलं की आमचा निकाल तुमच्यावर बंधनकारक आहे. त्यावर फॉबस यांनी १९५८-५९ च्या पूर्ण वर्षासाठी लिटल रॉकची हायस्कुलंच बंद ठेवली.

५. एका काउंटीने पाच वर्षं शाळाच चालवल्या नाहीत, हे खरं की दंतकथा?

खरं आहे. व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी. हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण कायद्यातली फट शोधणं म्हणजे काय ते इथे दिसतं.

तिथल्या फार्मव्हिल गावात मोटन हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा होती. जागा इतकी अपुरी की डांबरी कागदाच्या शेडमध्ये वर्ग भरायचे. १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने पुढाकार घेऊन शाळेचा संप घडवला. त्या संपातून झालेला खटला ब्राऊनमधल्या खटल्यांपैकी एक. म्हणजे ही काउंटी खटला हरलेली होती.

१९५९ मध्ये एकत्र शाळा सुरू करण्याचा आदेश टाळणं अशक्य झालं, तेव्हा काउंटीने शाळांसाठी कर बसवायचंच नाकारलं. सरकारी शाळाच नसेल तर भेदभाव कुठला, असा हा युक्तिवाद. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी उघडली गेली आणि तिला सरकारी फी-अनुदानाचा व करसवलतीचा हात मिळाला. कृष्णवर्णीय मुलांना नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी पाठवलं गेलं, काहींना चर्चच्या तळघरात जेमतेम शिकवलं गेलं, आणि बऱ्याच जणांची शाळा कायमची सुटली. १९६४ मध्ये 'ग्रिफिन' निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर बसवून शाळा पुन्हा उघडायला लावण्याचा अधिकार कनिष्ठ न्यायालयाला आहे असं सांगितलं, तेव्हा कुठे त्या उघडल्या. तोवर १९५९ मध्ये पहिलीत जायची मुलं अकरा-बारा वर्षांची झाली होती.

६. मग शाळा खऱ्या अर्थाने एकत्र झाल्या तरी कधी?

१९६४ नंतर, आणि दक्षिणेत मुख्यतः १९६८ ते १९७२ या काळात. ब्राऊननंतर दहा वर्षांनीही दक्षिणेतल्या शंभर कृष्णवर्णीय मुलांपैकी जेमतेम दोन-तीन मुलं गोऱ्या मुलांबरोबर शिकत होती.

चक्र फिरलं ते पैशाने. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातल्या सहाव्या प्रकरणाने भेदभाव करणाऱ्या संस्थेचा केंद्रीय निधी थांबवता येऊ लागला. आणि १९६५ च्या शिक्षण कायद्याने थांबवण्याइतका मोठा निधी मुळात सुरू झाला. चौथ्या प्रकरणाने केंद्राच्या ॲटर्नी जनरलला स्वतः खटला भरता येऊ लागला. एरवी ते जोखमीचं काम एखाद्या शेतमजूर बापाच्या अंगावर पडायचं आणि त्याची नोकरी जायची.

मग १९६८ चा 'ग्रीन' निकाल आला. व्हर्जिनियाच्या न्यू केंट काउंटीने 'हवी ती शाळा निवडा' अशी योजना काढली होती. एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही. न्यायालय म्हणालं, दार उघडं ठेवलं एवढ्याने भागत नाही, दुहेरी व्यवस्था मुळासकट संपली पाहिजे. विद्यार्थी, शिक्षक, इतर कर्मचारी, बस, इमारती आणि शाळेबाहेरचे उपक्रम या सहा बाबी तपासायच्या असं ठरलं. १९६९ मध्ये 'अलेक्झांडर' निकालाने सवलतीचा काळ संपवला : आता, ताबडतोब.

७. शाळा एकत्र झाल्यावर कृष्णवर्णीय शिक्षकांचं काय झालं?

हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. दोन शाळांची एक करताना बंद व्हायची ती बहुतेक वेळा कृष्णवर्णीयांची शाळा. तिचे मुख्याध्यापक दुसरीकडे उपमुख्याध्यापक झाले, काहींच्या वाट्याला त्याहून खालचं काम आलं. मुलांच्या प्रवेशावर न्यायालयांचं जितकं लक्ष होतं तितकं या नोकऱ्यांवर नव्हतं. या विषयावर लिहिणारेही ही बाजू सहसा एका वाक्यात उरकतात.

८. 'बसिंग' म्हणजे काय आणि त्यावर इतका गदारोळ का झाला?

वस्त्या वेगळ्या असल्या तरी शाळा मिश्र व्हाव्यात म्हणून मुलांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत पाठवायचं, ते बसिंग. १९७१ च्या 'स्वान' निकालात नॉर्थ कॅरोलायनाच्या शार्लट-मेक्लेनबर्गसाठी न्यायालयाने त्याला मंजुरी दिली. तिथे शहर आणि भोवतालची उपनगरं एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एकाच शाळा मंडळाच्या हद्दीत होती, म्हणून ते बऱ्यापैकी चाललं. हा मुद्दा लक्षात ठेवा, प्रश्न १० मध्ये लागेल.

१९७४ मध्ये बॉस्टनमध्ये हेच केलं तेव्हा कृष्णवर्णीयांच्या रॉक्सबरीहून गोऱ्यांच्या साउथ बॉस्टनला आलेल्या बसवर दगडफेक झाली. लांबचा प्रवास हा पालकांचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण त्याआधी वेगळेपण टिकवण्यासाठी घराजवळची शाळा ओलांडून मुलांना दूर नेणाऱ्या बस वर्षानुवर्षं धावत होत्या. त्यांच्यावर कोणी दगड मारल्याचं ऐकिवात नाही.

९. एखाद्या शाळेत सगळी मुलं एकाच वंशाची असतील तर ती शाळा बेकायदा ठरते का?

एवढ्यावरून नाही. सरकारी यंत्रणेने हे वेगळेपण जाणूनबुजून घडवलं असेल तरच केंद्रीय न्यायालय हात घालतं. दक्षिणेत तसा कायदाच होता, त्यामुळे पुरावा शोधावा लागला नाही. उत्तरेत असा कायदा बहुतेक ठिकाणी नव्हता. १९७३ च्या डेन्व्हरच्या 'कीज' खटल्यात न्यायालयाने मान्य केलं की शाळांच्या हद्दी आखणं, नवी शाळा कुठे बांधायची ते ठरवणं, अशा निर्णयांतूनही शाळा मंडळ वेगळेपण घडवू शकतं. मात्र हेतू दाखवून द्यावा लागतो.

राहिलं ते 'आपोआप' झालेलं वेगळेपण. इथे मला कायद्याची वाटणी फारशी पटत नाही. केंद्र सरकारच्याच संस्थेने १९३० च्या दशकात शहरांचे नकाशे करून कृष्णवर्णीय वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या म्हणून लाल रंगवल्या. घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकायचं नाही, अशा खरेदीखतातल्या अटी न्यायालयं १९४८ पर्यंत अमलात आणत होती. अशा वस्तीतली शाळा एकाच वंशाची झाली तर ते आपोआप झालं असं म्हणणं सोयीचं आहे, एवढंच.

१०. मिलिकन निकालाला एवढं महत्त्व का देतात?

आजच्या शाळा समजायच्या तर ब्राऊनपेक्षा हाच निकाल आधी वाचावा, असं मी म्हणेन.

आधी रचना पाहू. अमेरिकेत सरकारी शाळा केंद्र चालवत नाही, राज्यही सहसा थेट चालवत नाही. सुमारे तेरा हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचं मंडळ वेगळं, हद्द वेगळी, आणि खर्चाचा मोठा वाटा त्या हद्दीतल्या घरांच्या मालमत्ता करातून येतो. काही ठिकाणी डिस्ट्रिक्ट अख्ख्या काउंटीएवढा असतो, तर काही ठिकाणी एका छोट्या उपनगराएवढा.

मिलिकन खटला डेट्रॉइटचा. त्या शहरात शाळा मंडळाने आणि मिशिगन राज्याने वेगळेपण घडवलं, हे खटल्यात सिद्ध झालं. पण शहरातली गोरी कुटुंबं तोवर मोठ्या संख्येने उपनगरांत गेली होती. फक्त शहरातल्या मुलांची अदलाबदल करून मिश्र शाळा होणार नव्हत्या. म्हणून जिल्हा न्यायाधीशांनी भोवतालचे ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट योजनेत घेतले. २५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती योजना फेटाळली. या उपनगरांनी स्वतः काही चूक केल्याचा पुरावा नाही, मग उपायाचा भार त्यांच्यावर का, असा बहुमताचा सवाल होता. विरोधी मत लिहिणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते, ब्राऊन खटला लढवणारे वकील. महानगरं गोऱ्यांचं एक आणि कृष्णवर्णीयांचं एक अशा दोन शहरांत वाटली जातील, असा इशारा त्यांनी दिला.

याच्या आदल्याच वर्षी, १९७३ च्या 'रॉड्रिगेझ' निकालात, सॅन अँटोनियोच्या गरीब डिस्ट्रिक्टला श्रीमंत डिस्ट्रिक्टएवढा पैसा मागता येणार नाही, असं त्याच न्यायालयाने सांगितलं होतं. केंद्रीय राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, हे त्यामागचं कारण. तेही पाच विरुद्ध चार. म्हणजे मुलं सीमेपलीकडे जाऊ शकत नाहीत आणि सीमेपलीकडचा पैसा अलीकडे येत नाही. हे दोन निकाल एकत्र वाचले की पुढचे प्रश्न बरेच सोपे होतात.

११. मग श्रीमंत भागाने वेगळा स्कूल डिस्ट्रिक्ट काढला तर चालतं का?

तिथे शाळा एकत्र करण्याचा न्यायालयाचा जुना आदेश लागू आहे की नाही, यावर ते ठरतं. आदेश लागू असेल तर सहज नाही. १९७२ मध्ये व्हर्जिनियाच्या एम्पोरिया शहराला असं फुटून निघू दिलं नाही. अलाबामाच्या गार्डनडेलने प्रयत्न केला, तर त्यामागे वांशिक हेतू असल्याचं कारण देऊन २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो अडवला.

आदेश नसेल तर राज्याचा कायदा काय म्हणतो तेवढंच पाहिलं जातं. टेनेसीमध्ये २०१३ साली मेम्फिस शहराच्या शाळा शेल्बी काउंटीत विलीन झाल्या आणि पुढच्याच वर्षी सहा उपनगरं आपापले डिस्ट्रिक्ट काढून बाहेर पडली.

१२. न्यायालयाची देखरेख कायम राहते का?

नाही. १९९१ चा ओक्लाहोमा सिटीचा 'डॉवेल' निकाल आणि १९९२ चा जॉर्जियातला 'फ्रीमन' निकाल यांनी बाहेर पडण्याची वाट आखून दिली. डिस्ट्रिक्टने प्रामाणिकपणे आदेश पाळला आणि जुन्या भेदभावाच्या खुणा शक्य तितक्या पुसल्या, की आदेश उठतो. प्रश्न ६ मधल्या सहा बाबींपैकी एकेकीतून सुटकाही मिळते. आदेश उठल्यावर वस्त्यांमुळे शाळा पुन्हा एकरंगी झाल्या तरी तो नवा भेदभाव मानला जात नाही. ज्या शार्लटचं कौतुक व्हायचं, तिथलाच आदेश २००१ मध्ये अपिलात उठला आणि शाळा पुन्हा वेगळ्या होत गेल्या.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. मिसिसिपीतल्या क्लीव्हलंड गावचा खटला १९६५ चा आणि तिथली हायस्कुलं एक करण्याचा आदेश २०१६ चा.

१३. कोणी सक्ती न करता शाळा मंडळाने स्वतःच मिश्र प्रवेश ठेवले तर?

हेतू चांगला असला तरी प्रत्येक मुलाचा वंश पाहून जागा देता येत नाही. २००७ मध्ये सिएटल आणि लुइव्हिलच्या अशा योजना पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाल्या. लुइव्हिलची गंमत अशी की २००० सालापर्यंत वंश लक्षात घेऊनच प्रवेश द्या असा न्यायालयाचाच हुकूम होता. तो उठल्यावर तेच स्वेच्छेने चालू ठेवणं घटनाबाह्य ठरलं.

सगळी दारं मात्र बंद झाली नाहीत. न्या. केनेडी यांनी बहुमताबरोबर मत दिलं, पण वेगळं लिहिलं की नव्या शाळेची जागा निवडताना किंवा हद्दी आखताना मंडळाने मिश्र शाळेचा विचार करायला हरकत नाही. म्हणून आता बरेच डिस्ट्रिक्ट वंशाऐवजी कुटुंबाचं उत्पन्न किंवा वस्ती हे निकष वापरतात.

१४. थॉमस जेफरसन हायस्कूलच्या वादात आपली मुलं कुठे येतात?

मधोमध. फेअरफॅक्स काउंटीतल्या या नामांकित सायन्स शाळेने २०२० मध्ये प्रवेश परीक्षा काढून टाकली आणि प्रत्येक मिडल स्कूलसाठी तिथल्या आठवीच्या दीड टक्का मुलांएवढ्या जागा राखल्या. पुढच्या तुकडीत आशियाई मुलांचा वाटा सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आला. पालकांच्या गटाने खटला भरला. जिल्हा न्यायालयात ते जिंकले, २०२३ मध्ये अपिलात हरले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. नियमात वंशाचा उल्लेख नाही, त्यामुळे धोरण टिकलं. प्रवेशात वंश विचारात घेण्याला मनाई करणारा २०२३ चा हार्वर्डचा निकाल विद्यापीठांबद्दलचा आहे, तो इथे जसाच्या तसा लावू नये.

१५. खासगी शाळांना हे लागू होतं का?

राज्यघटनेची समान संरक्षणाची हमी सरकारला बांधते, खासगी शाळेला नाही. तरी १९७६ च्या 'रनियन' निकालानुसार १८६६ च्या नागरी हक्क कायद्याखाली वंशावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि १९८३ च्या 'बॉब जोन्स' निकालानुसार असा भेदभाव करणाऱ्या संस्थेची करसवलत जाते. फी परवडत नाही म्हणून कोणी आलं नाही, तर त्याला कायदा काही करत नाही. चार्टर स्कूल, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा, सरकारी गणल्या जातात.

१६. आम्ही न्यू जर्सीत 'चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट' बघून घर घेतलं. म्हणजे आम्हीही यात आलोच का?

कायद्याने तुमच्याकडे बोट दाखवता येत नाही. व्यवस्थेचा भाग म्हणाल तर हो. घराच्या किमतीत शाळेची किंमत मिसळलेली आहे, आणि ती ज्याला परवडत नाही तो हद्दीबाहेर राहतो.

न्यू जर्सीची गोष्ट थोडी वेगळीही आहे. तिथल्या १९४७ च्या राज्यघटनेत सरकारी शाळांत वंशावरून वेगळं ठेवायला उघड मनाई आहे. त्यामुळे प्रश्न ९ मधली हेतूची अट राज्याच्या न्यायालयात तितकी आड येत नाही. याच आधारावर २०१८ मध्ये 'लॅटिनो ॲक्शन नेटवर्क' आणि इतरांनी राज्यावर खटला भरला : जवळपास सहाशे डिस्ट्रिक्ट आणि राहत्या गावातच शाळा, ही रचनाच वेगळेपण जोपासते. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अनेक डिस्ट्रिक्टमधला ठळक वांशिक असमतोल मान्य केला, पण संपूर्ण राज्याची व्यवस्था घटनाबाह्य ठरवली नाही. याआधी १९९६ मध्ये कनेटिकटच्या 'शेफ' खटल्यात राज्याच्या घटनेखालीच हार्टफर्डच्या मुलांची बाजू लागली आणि शहर-उपनगरांतल्या मुलांसाठी सामाईक मॅग्नेट शाळा (खास अभ्यासक्रमामुळे दूरच्या मुलांनाही ओढणाऱ्या) निघाल्या. मिलिकनला वळसा घालायचा तर वाट राज्यांच्या घटनांमधून जाते.

१७. आपल्याकडे असा काही कायदा आहे का?

आहे, आणि आपला इतिहासही जुना आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला, तेव्हा मुंबई सरकारने हात वर केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घ्यायचा हुकूम काढला, ब्राऊनच्या पस्तीस वर्षं आधी.

आजचं जवळचं साधन म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला यातून मोकळं केलं. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. अल्पसंख्याक शाळांना मात्र २०१४ च्या 'प्रमती' निकालामुळे २५ टक्के जागांची अट लागू नाही. काही शाळा चालकांनी त्यात जी पळवाट पाहिली, ती प्रिन्स एडवर्डवाल्यांना (प्रश्न ५) सहज कळली असती.

१८. मूट कोर्टात (विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यात) हे अमेरिकन निकाल भारतीय मुद्द्यावर वापरता येतील का?

दाखला म्हणून येतील, बंधनकारक म्हणून नाही. वापरताना दोन फरक सांभाळा. जातवार प्रवेश रद्द करणाऱ्या १९५१ च्या चंपकम दोराईराजन निकालानंतर आपल्या घटनेत मागास वर्गांसाठी खास तरतुदी करू देणारं १५ (४) हे कलम आलं, त्यामुळे प्रश्न १३ मधला २००७ चा तर्क इथे सरळ चालत नाही. आणि कलम २१-अ नुसार सहा ते चौदा वयोगटासाठी शिक्षण हा आपल्याकडे मूलभूत हक्क आहे. रॉड्रिगेझचा दाखला समोरच्या बाजूने दिला, तर पहिलं उत्तर हेच द्या.